सराईचे अखेरचे चालक

सराईचे अखेरचे चालक आबा हे खोली क्रमांक तीनमध्ये, प्रवाशांची सेवा करीत असताना शांतपणे वारले आणि त्यांच्याबरोबर सराईही संपली.

आता हे विसरून जायचं. कारण त्या दिवशी सकाळी आबा विहिरीच्या काठाला एक पाय रोवून एकतिसावी बादली वर ओढत होते, आणि दोर हाताला काचत होता म्हणून दोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. वारलेला माणूस इतक्या ताज्या शिव्या देत नाही.

एकतिसावी म्हणजे शेवटून दुसरी. सराईचं आता हॉटेल झालं होतं, खोल्या आठ, प्रत्येक खोलीला चार बादल्या. दोन पावसाळे कोरडे गेले होते आणि पाणी खाली खाली चाललं होतं. पाणी खाली गेलं की आबा दोराला एक तुकडा जोडायचे. दोर कप्पीवरून जाताना प्रत्येक गाठीला टक् असा आवाज व्हायचा. मॅनेजरची बायको चुलीपाशी बसून ते टक् मोजायची आणि काउंटरकडे तोंड करून ओरडायची, "आज आठ झाले हो!" दुसऱ्या घरात लोक पंचांग बघतात, इथं कप्पी ऐकायचे.

मॅनेजर म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा. शहरातल्या एका लॉजवर दोन वर्षं चादरी बदलून तो परत आला, सराईच्या ओसरीत विटांच्या भिंती घालून आठ खोल्या पाडल्या, दाराशी काउंटर बसवला आणि काउंटरवर 'मॅनेजर' अशी लाकडी पट्टी ठेवली. तेव्हापासून गाव त्याला मॅनेजरच म्हणे. त्याच्या हाताखाली दोनच माणसं होती. एक वडील, ते कोणाचं ऐकत नव्हते. दुसरी बायको, ती ऐकून घ्यायची आणि मग स्वतःला हवं तेच करायची.

सराई आबांच्या आज्यानं बांधली. बांधली म्हणजे विहीर आधीच होती, त्यानं तिच्या शेजारी सावली केली. पुढं चढ लागतो, म्हणून मीठवाले आपली गाढवं घेऊन इथं टेकायचे. गाढवांसाठी दगडी हौद, माणसांसाठी ओसरी आणि भिंतीत बेचाळीस खुंट्या. आज्यानं एकच नियम घालून दिला होता: येईल त्याला आधी पाणी, नाव नंतर. त्या नियमामुळे कित्येक माणसं तिथं आठ आठ दिवस राहून, पाणी पिऊन, नाव न सांगताच निघून गेली. दोन जण तर सराईत म्हातारे झाले आणि ते कोण होते हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. विचारायचं राहून गेलं, एवढंच.

मग डांबरी रस्ता आला. मीठ ट्रकमधून जायला लागलं. गाढवं कुठं गेली ते गाढवांनाच माहीत. मीठवाल्यांची दावी तेवढी खुंट्यांवर राहिली, आणि आता पाणी खाली गेल्यावर आबा तीच एकेक काढून दोराला जोडत होते.

हॉटेलात नियम उलटा होता. रजिस्टरचा पहिला रकाना नावाचा. पण पाहुणा बसमधून उतरून काउंटरपर्यंत पोचायच्या आत आबा तांब्या घेऊन त्याला वाटेतच गाठायचे. त्यामुळे हॉटेलच्या रजिस्टरमधलं एकही पान कोरडं नव्हतं. सगळ्या पाहुण्यांनी ओल्या हातानं सह्या केल्या होत्या.

"आबा, आधी नाव लिहू द्या हो त्यांना," मॅनेजर म्हणायचा.

"तहान लागलेल्या माणसाला नाव असतं का?" आबा विचारायचे.

याचं उत्तर लॉजवर शिकवलं नव्हतं.

नवव्या गाठीच्या आठवड्यात चार नंबरचा पाहुणा डोक्याला साबण लावून बाहेर आला आणि पाणी कुठं आहे म्हणून विचारू लागला. आबांनी बादली सोडली. वर आला तो अर्धी बादली गाळ. पाहुणा टॉवेल खांद्यावर टाकून तसाच बसमध्ये चढला. बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मॅनेजर त्याच्या डोक्यावरचा पांढरा फेस बघत होता. त्या रात्रीसाठी दोन खोल्या सांगून ठेवलेल्या होत्या, त्याही रद्द झाल्या. फेसाची बातमी बसपेक्षा आधी पोचली होती.

"दोन महिने," बायको म्हणाली. "त्यापुढं विहीर नाही. मग काउंटरवर बसून काय विकणार तुम्ही? पट्टी?"

शहरात एक कार्यालय होतं. तिथं अशी योजना होती की ऐतिहासिक वास्तूंना नळाची जोडणी आधी द्यायची. मॅनेजर सकाळच्या बसनं गेला. कारकुनानं अर्ज पाहिला.

"सराई चालू आहे का बंद?"

"आता हॉटेल आहे. पण वडील अजून आल्यागेल्याला पाणी..."

"म्हणजे चालू आहे."

"हो."

"मग इतिहास कसा? चालू असलेल्या गोष्टीला इतिहास म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"अडचण," कारकून म्हणाला. आणि त्यानं बोट ठेवलं. रकाना अकरा: अखेरच्या चालकाच्या मृत्यूचा दिनांक व स्थळ.

"ते आहेत अजून," मॅनेजर म्हणाला.

"इथं 'आहेत' लिहायला जागा नाही. दिनांकाचे आठ चौकोन आहेत. आठ आकडे टाका, नाहीतर पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी विहिरीत उतरून चालता आलं असतं. मॅनेजर बाकावर जाऊन बसला. आठ चौकोन इतके रिकामे होते की त्यांच्याकडे बघवेना. परतीच्या बसला वीस मिनिटं होती. त्यानं काउंटर बसवला त्या दिवसाची तारीख टाकली, कारण दुसरी कुठलीही तारीख त्याला तोंडपाठ नव्हती. स्थळाच्या पुढं त्यानं खोली क्रमांक तीन लिहिलं. आबा तिथंच झोपायचे, त्यामुळे निदान पत्ता तरी खरा होता.

बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. बाप मारून आलेल्या माणसाला खिडकी मिळावी हे काही त्याला बरं वाटलं नाही. तो उठून उभाच राहिला आणि एका अवघडलेल्या बाईला त्यानं जागा दिली. तिनं आशीर्वाद दिला, "तुझ्या आईबापाला उदंड आयुष्य लाभो." मॅनेजर पुढच्याच थांब्यावर उतरला आणि उरलेले तीन मैल चालत आला.

पंधरवड्यानं कागद आला. मंजुरी तत्त्वतः होती. अट एकच: वास्तूचा इतिहास दर्शनी भिंतीवर, अर्जातल्याच शब्दांत, निळ्या रंगात लिहावा. मग साहेब येऊन तपासतील.

बायकोनं कागद दोनदा वाचला आणि घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवला.

"वडिलांना मारायला एवढ्या लांब जावं लागलं तुम्हाला? इथं घरच्या घरी नसतं झालं?"

"नुसतं कागदावर आहे गं."

"कागदावर होतं. आता भिंतीवर येईल."

"पाणी हवंय ना?"

पाणी तिलाही हवं होतं. आठ खोल्यांच्या चादरी ती तीन मैलांवरच्या डबक्यात धुऊन आणत होती आणि वाटेतच त्या वाळून पुन्हा मळत होत्या. ती उठली, आबांसाठी चहा टाकला आणि त्यात रोजच्यापेक्षा दुप्पट साखर घातली. त्या दिवसापासून आबांना रोज गोड चहा मिळू लागला. आबांना वाटलं, सून सुधारली.

पेंटर आला तेव्हा शिडी आबांनीच धरली. शिडीचा एक पाय आखूड होता आणि तो कुठं दाबायचा हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. चौथ्या ओळीपाशी पेंटर थांबला. वरून त्यानं मॅनेजरला खूण केली.

"अहो मॅनेजर, हे तर खाली उभे आहेत ना?"

"तू लिही."

"हात थरथरतोय माझा."

"थरथरू दे. अक्षर जुनं दिसेल."

"काय खुसफुस चाललीय?" आबांनी खालून विचारलं. त्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं. माणूस मात्र लांबून ओळखायचे.

"तुमच्याबद्दलच आहे, आबा," पेंटर म्हणाला.

"मग जरा मोठं काढ की."

पेंटरनं मोठं काढलं. 'वारले' हा शब्द रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येत होता.

आणि मग सुरू झालं ते मॅनेजरनं कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नव्हतं. आबा रोज सकाळी निघतील तेवढ्या बादल्या ओढून, तोंड धुऊन, टोपी घालून भिंतीवरच्या या पाटीखाली उभे राहायचे आणि दिसेल त्या शिकलेल्या माणसाला थांबवायचे. "जरा वाच रे. माझ्यावर लिहिलंय."

पहिले मास्तर सापडले. त्यांनी उत्साहानं वाचायला सुरुवात केली, "'या सराईचे अखेरचे चालक...'" आणि पुढची ओळ दिसल्यावर चष्मा काढला. तो पुसला. परत घातला. ओळ तशीच होती.

"'...हे अत्यंत वक्तशीर होते,'" मास्तर म्हणाले.

"मी?" आबांना नवल वाटलं. "बरं. असेन."

न्हाव्यानं वाचलं, "'यांच्या हातचं पाणी प्यायला लोक वाट वाकडी करून यायचे.'" आबांनी त्याला दुसऱ्यांदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा त्यानं त्यात दोन व्यापारी आणि एक हत्ती घातला. बसचा कंडक्टर घाईत होता. त्यानं दारात लोंबकळतच वाचलं, "'पुढची गाडी दीड वाजता.'"

"हेही लिहिलंय?"

"अगदी शेवटी आहे, आबा, बारीक अक्षरात!"

महिन्याभरात सराईला इतका इतिहास झाला की तो भिंतीवर मावला नसता. रोज नवीन माणूस, रोज नवीन ओळ. गावानं कधी एकत्र बसून काही ठरवलं नव्हतं, पण एकानंही जे लिहिलंय ते वाचलं नाही. मॅनेजर काउंटरमागे बसून हे ऐकायचा आणि रजिस्टरमध्ये मान घालायचा. ज्या गावात दोन भावांचं एका बांधावर एकमत होत नाही, त्या गावानं त्याच्या बापाला असं सांभाळून घ्यावं, याची त्याला जास्त लाज वाटायची. लोकांनी त्याला एकदा तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर तो सुटला असता. पण लोक फक्त त्याच्याकडे बघायचे आणि "पाटी छान झालीय" म्हणायचे.

"पाटी भारी आहे रे," आबा एकदा त्याला म्हणाले. "रोज वेगळं सांगते."

एकदा धीर करून मॅनेजर विहिरीवर गेला. आबा अकराव्या गाठीचा दोर ओढत होते. पाठीचा मणका न् मणका सदऱ्यातून मोजता येत होता. मॅनेजरनं मागून दोर धरला.

"सोड. हात सोलतील तुझे. काउंटरचे हात आहेत ते."

"आबा, एक सांगायचं होतं."

"सांग की."

टक् झालं. आणखी एक टक् झालं. बादली वर आली, त्यात तळाला ओंजळभर पाणी आणि एक बेडूक.

"दोर बदलायला झालाय," मॅनेजर म्हणाला.

"दोर ठीक आहे," आबा म्हणाले आणि बेडकाला परत आत सोडलं. "विहीर बदलायला झालीय."

साहेब येणार त्या दिवशी मॅनेजरनं आबांना त्यांच्या बहिणीकडे पाठवायचा बेत केला होता.

"पाहुणा येणार आणि मी जाऊ?" आबा म्हणाले. विषय संपला.

मग ठरलं की बायकोनं त्यांना मागच्या हौदापाशी बाज विणायला गुंतवायचं. तिनं चांगल्या बाजेची दोरी स्वतःच्या हातानं कापली आणि आबांपुढं नेऊन ठेवली. आबांनी ती विणायला घेतली. अकरा वाजता जीप थांबली. मॅनेजर काउंटरला वळसा घालून बाहेर येईपर्यंत आबा तांब्या घेऊन जीपपाशी होते. इंजिनाचा आवाज कानावर पडल्यावर त्यांना बाजेला बांधून ठेवलं असतं तरी ते बाजेसकट आले असते.

साहेब दोन तांबे प्यायले. मिशी पुसली. "आपण कोण?"

"नाव नंतर," आबा म्हणाले. "साहेब, तुम्ही शिकलेले दिसता. ही पाटी जरा नीट वाचा. आमची माणसं तुकड्यातुकड्यानं वाचतात."

"साहेब, आधी आत..." मॅनेजर धावत आला.

"तपासणीत वाचन येतंच," साहेब म्हणाले. आणि त्यांनी वाचलं. पहिल्या अक्षरापासून, खणखणीत, एक काना इकडचा तिकडे न करता. खोली क्रमांक तीन वाचला. प्रवाशांची सेवा वाचली. शांतपणे वारले वाचलं. तारीख आठही आकड्यांसकट वाचली.

तांब्यातून पाणी गळत होतं. रस्त्याच्या पलीकडे न्हाव्याची कात्री थांबली. स्वयंपाकघराच्या दारात बायको चुलीचा चिमटा हातात धरून उभी होती. आबांनी पाटीकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे. मॅनेजरला वाटलं, आता एक शिवी येईल. ताजी. ती आली तर पाय धरायचे आणि नळ गेला खड्ड्यात.

"तुम्ही ओळखत होता का यांना?" साहेबांनी आबांना विचारलं.

आबांनी तांब्या खाली ठेवला.

"होय. माणूस बरा होता. पाणी वेळेवर द्यायचा."

"कसे वारले?"

"ते याला विचारा," आबा म्हणाले. "हाच होता तेव्हा जवळ."

साहेब मॅनेजरकडे वळले.

"शांतपणे," तो म्हणाला.

साहेबांनी लिहून घेतलं. मग पिशवीतून दुसरा कागद काढला. मृत्यूच्या पुष्टीसाठी एक साक्षीदार लागतो, वयस्कर आणि मयताला जवळून ओळखणारा.

"माझ्याइतका जवळून कोण ओळखणार?" आबा म्हणाले आणि अंगठा पुढं केला.

साहेबांनी शाई लावली, अंगठा कागदावर दाबला. निळा ठिपका उमटला, रेषा एकही नाही. पुन्हा लावला. पुन्हा तसाच. दोरानं अंगठ्याच्या रेषा कधीच खाऊन टाकल्या होत्या. डावा अंगठा झाला, बोटं झाली. आबा प्रत्येक बोट निमूटपणे पुढं करत होते, जसं काही दुसऱ्याच कोणाचं सामान उचलून देत होते. शेवटी डाव्या करंगळीला दोन रेषा सापडल्या.

"मयताशी नातं?"

"ओळख."

"साक्षीदाराचं नाव?"

मॅनेजरनं डोळे मिटले. नाव पाटीवर होतं. बोटाएवढ्या अक्षरात.

"पाणक्या लिहा," आबा म्हणाले.

साहेबांनी पाणक्या लिहिलं, आणखी एक तांब्या प्यायले आणि इतिहास समाधानकारक असल्याचा शेरा मारून निघून गेले.

आठव्या दिवशी नळ आला. आठही खोल्यांत. पाहुणे आले, चादरी पांढऱ्या झाल्या, चार नंबरमध्ये एक जण तर दिवसातून तीनदा डोक्याला साबण लावू लागला. आबांनी कप्पीवरून दोर उतरवला आणि हौदाच्या कडेला बसून एकेक गाठ सोडली. गाठी पाणी पिऊन दगडासारख्या झाल्या होत्या. त्यांना सगळा दिवस लागला. सोडलेली दावी त्यांनी उरलेल्या खुंट्यांवर जिथली तिथं अडकवली. कुठलं दावं कुठल्या मीठवाल्याचं, हे त्यांना पाठ होतं. नावं नव्हती माहीत.

रागावले असं काही नाही. जेवत होते, चहाला साखर जास्त झालीय म्हणत होते. फक्त अंथरूण त्यांनी तीन नंबरमधून हौदाशेजारच्या छपरात हलवलं.

"आबा, असं काय करता? आत झोपा ना."

"तिथं माणूस वारलंय रे. मला झोप लागायची नाही."

पाटीखाली उभं राहणंही त्यांनी सोडलं. मास्तर दोन दिवस मुद्दाम घुटमळले, नवीन ओळ तयार करून आले होते बिचारे. कोणी विचारलं नाही. मॅनेजर सकाळी जागा व्हायचा तो टक् ऐकायला. नळ उघडल्यावर नुसती हवा फुसफुसायची. मग त्याला आठवायचं.

एका मंगळवारी दीडच्या गाडीच्या वेळेला आबा पुढच्या दारानं आत आले. डोक्यावर टोपी, काखेत गाठोडं. काउंटरपुढं उभे राहिले.

"खोली आहे का?"

"आबा, नका ना."

"मी काय म्हणतोय? तुझा नियम आहे. नाव विचार."

मॅनेजरनं पेन उचललं. रजिस्टरचं पान पूर्ण कोरडं होतं. हल्ली सगळीच पानं कोरडी असायची, सह्या अगदी सुबक. त्यानं पेन ठेवलं, उठला आणि नळाकडे गेला. आधी हवा आली, मग तांबडं पाणी. ते निवळेपर्यंत तो उभा राहिला. तांब्या भरून त्यानं दोन्ही हातांनी आबांपुढं धरला. आबा सावकाश प्यायले.

"विहिरीची चव नाही," ते म्हणाले. "पण पाणी आहे. हं, आता विचार."

"नाव?" मॅनेजरनं विचारलं.

"पाटीवर आहे. वाच."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. मॅनेजर बाहेर गेला, पाटीखाली उभा राहिला. निळी अक्षरं उन्हात चकाकत होती. त्यानं वडिलांचं नाव वाचलं. मग पुढचं वाचलं.

"'...हे हयात आहेत.'"

मागोमाग आलेल्या आबांनी काखेतलं गाठोडं सावरलं.

"साहेबांनी नव्हतं असं वाचलं," ते म्हणाले, आणि गाठोडं घेऊन छपराकडे गेले.

त्याच दुपारी मॅनेजरनं काउंटरवरची पट्टी उलटी करून ठेवली आणि कोरा कागद पुढं ओढला.

प्रति, मा. अधिकारी, ऐतिहासिक वास्तू नळजोडणी विभाग.

विषय: मयत वडील पूर्ववत करून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळवितो की, आमच्या अर्जातील रकाना क्रमांक अकरामध्ये खालील सही करणाराच्या हातून आठ आकडे चुकून पडले आहेत. सदर मयत इसम आजही छपरात राहत असून दोन वेळचे जेवण घेत आहेत. तरी त्यांस नळजोडणी कायम ठेवून हयात करण्यात यावे. नियमात तसे बसत नसल्यास त्यांच्या मृत्यूचा दिनांक, चौकोनांची संख्या न वाढविता, शक्य तितका पुढे ढकलावा. साक्षीदार पाणक्या यांची साक्ष रद्द करून त्यांची करंगळी त्यांना परत मिळावी. तसेच पाटीच्या फेरवाचनासाठी आपल्या कार्यालयातून एक जबाबदार माणूस लवकरात लवकर पाठवावा, मात्र तो पूर्वीचा नसावा, कारण पूर्वीचे साहेब जसे लिहिले आहे तसेच वाचतात.